मे महिन्यात डिमेन्शिया एकदम वाढल्यासारखा का वाटतो, आणि पाणी पाजायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मे लागला आणि चार दिवसांत त्या फारच गोंधळल्या, दिवसा झोपून राहतात, पाणी दिलं तर 'नको' म्हणतात. आजार पुढे सरकला का?

मला तसं वाटत नाही. डिमेन्शिया सहसा महिन्यामहिन्यांनी वाढतो. चार दिवसांत माणूस बदलला तर आधी दुसरं कारण शोधायचं: शरीरात पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग (या वयात ताप न येताही होतो), पोट साफ नसणं, रक्तातलं सोडियम (मीठ) उतरणं, नाहीतर नवी गोळी. मेडिकलवरून आणलेली सर्दीची गोळी, म्हणजे क्लोरफेनिरामिनवाली, यात नेहमी सापडते. आजच डॉक्टरांना दाखवा. लघवी, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासायचं का ते विचारा. बीपीसाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. जळगाव-भुसावळच्या 44-45 अंशांत तिचा डोस बदलावा लागू शकतो, मात्र स्वतःहून बंद करू नका. हलवूनही नीट जाग येत नसेल किंवा अंग तापलं असेल तर थेट 108.

आता पाणी. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि या आजारात लागली तरी ती तहान आहे हे कळत नाही. म्हणून 'पाणी हवं का?' विचारूच नका, उत्तर 'नको' हेच येणार. ग्लास हातात द्या आणि समोर बसून स्वतः एक घोट घ्या. स्टीलच्या चकचकीत पेल्यात पाणी दिसत नाही. लाल किंवा निळा ग्लास वापरून बघा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तासाला अर्धा ग्लास, म्हणजे सव्वाशे मिली, दिला की दीड लिटर होतं. ताक, पन्हं, वरणाचं पाणी, सगळं धरायचं. सहानंतर हात आखडता घ्या, नाहीतर रात्री लघवीला उठून पडतील. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्या. ओआरएस दिलं तर एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच; ग्लासभर पाण्यात ओतलं तर मीठ फार होतं.

झोपवून पाजू नका. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. दर घोटाला ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी हवी.

घरात अहिराणी असेल तर तीच बोला. लहानपणची बोली बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते. 'पानी पी ले व माय' म्हटलं की कधी कधी हात आपसूक पुढे येतो. संध्याकाळी 'माले घर जानं शे' सुरू झालं तर 'हेच तुमचं घर' म्हणून वाद घालू नका. अंधार पडायच्या आधी दिवे लावा, अंगणात दोन फेऱ्या मारा. दुपारी बाहेर पडण्याची भीती असेल तर कडी दाराच्या अगदी वर, नजरेच्या टप्प्याबाहेर लावा (आत एकटं कोंडून मात्र जाऊ नका), आणि फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी पदराच्या आतल्या बाजूला शिवून टाका.