श्वासाकडे लक्ष दिलं की जीव जास्तच घाबरतो

“मॅडम, सगळे म्हणतात शांत बसा, दीर्घ श्वास घ्या. मी श्वास घ्यायला बसलो का जीव अजूनच घाबरते. असं वाटते, लक्ष नाही ठेवलं तर श्वास बंदच पडन.”

समुपदेशनासाठी आलेले हे गृहस्थ ४१ वर्षांचे. नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळतात, घर मानेवाड्याकडे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मार्चअखेरच्या गडबडीत एका संध्याकाळी दुकानातच छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, घाम फुटला. घरच्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी, रक्तदाब, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं. आधी या तपासण्या करून घेतल्या हे फार चांगलं झालं. छातीची तक्रार घेऊन कुणीही थेट समुपदेशकाकडे येऊ नये. त्यानंतर आप्तांचे सल्ले सुरू झाले: कपालभाती करा, अंबाझरी तलावावर फिरायला जा. त्यांनी महिनाभर दोन्ही प्रामाणिकपणे केलं आणि आठवड्यातून एकदा येणारा घबराटीचा झटका (पॅनिक अटॅक) तीनदा-चारदा येऊ लागला. “सगळ्यांना फरक पडते, मलाच नाही पडत, म्हणजे माझ्यातच बिघाड आहे,” असा त्यांनी अर्थ काढला.

ही तक्रार अगदी नेहमीची आहे आणि यात माणसाचा दोष काहीच नसतो.

पहिल्या भेटीत ते बोलत नसताना, त्यांच्या लक्षात येणार नाही असे श्वास मोजले. मिनिटाला २२ भरले. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० असतात. आकड्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे खांदे आणि छातीचा वरचा भाग हलत होता, पोट जवळजवळ स्थिर होतं, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक मोठा सुस्कारा नाहीतर जांभई येत होती. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करायची सवय लागलेल्या माणसाची ही खूण.

निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच भरपूर असतो. जोरजोरात श्वास घेऊन तो फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, रक्ताचा आम्लपणा बदलतो. मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी मोठा श्वास घेतो आणि त्रास आणखी वाढतो. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला अशा माणसाच्या कानात ‘जास्त हवा ओढा’ असाच पोचतो. कपालभातीत तर श्वास वेगाने आणि जोर लावून सोडायचा असतो. ती क्रिया वाईट नाही, पण झटके येणाऱ्याने सुरुवात तिच्यापासून करू नये.

हे नुसतं सांगून पटत नाही. डॉक्टरांचा अहवाल स्वच्छ असल्यामुळे त्यांना समोर बसवून तोंडाने भराभर मोठे श्वास घ्यायला सांगितले. विसाव्या श्वासाला ते थांबले. “हेच! हेच होते मला!” हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग करत नाहीत, आणि घरी एकट्याने तर मुळीच करू नये. पण ज्या गोष्टीला ते मृत्यू समजत होते ती वीस श्वासांत तयार होते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते, हे त्यांनी स्वतःच्या शरीरात पाहिलं. निम्मं काम तिथे झालं.

मग शिकवायला घेतलं, तेही आडवं पडून. गुडघे वाकवायचे, नाभीवर अर्धा किलो डाळीची पिशवी ठेवायची. पिशवी वर-खाली झाली पाहिजे, छाती जवळपास स्थिर. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खाली सरकलं की पोट आपोआप वर येतं. जेवणानंतर दोन तास हा सराव नको. तीन-चार दिवसांत पिशवी हलू लागली की खुर्चीवर बसायचं: पाय जमिनीवर टेकलेले, पट्टा एक घर सैल. सुरुवात नेहमी श्वास सोडण्यापासून. नाकाने हळू सोडायचा, मग शरीर मागेल तेवढाच आत येऊ द्यायचा. पहिला आठवडा मनात ३ अंक मोजत आत, ४ अंक मोजत बाहेर. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. अंगवळणी पडलं की ४ आत, ६ बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मध्ये रोखायचं अजिबात नाही. नाकासमोर कापसाचा बारीक पुंजका धरला तर तो जेमतेम हलावा, इतका हलका श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, आत घेताना थोडी वाढते. म्हणून भर सोडण्यावर.

दुसऱ्या भेटीत ते निराश होऊन आले. “हवाच कमी पडते.” हे बहुतेकांना होतं, कारण शरीराला कमी कार्बन डायऑक्साइडची सवय झालेली असते आणि तो नेहमीच्या पातळीवर येऊ लागला की गुदमरल्याची खोटी घंटा वाजते. इलाज साधा: ४ आणि ६ सोडून परत ३ आणि ४, पाचऐवजी दोन मिनिटं, जेवढं सोसवेल तेवढंच. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यावर ते सारखी नाडी बघत. आकडा ९० झाला की घाबरत, आणि घाबरले की तो १०० होई. सरावाच्या वेळी घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. आणखी एक चूक जवळजवळ सगळेच करतात: सराव फक्त झटका आल्यावर करायचा. विहिरीत पडल्यावर पोहणं शिकता येत नाही. बऱ्या वेळी रोज केलेला सरावच वाईट वेळी हाताशी येतो.

तरीही काहींना श्वासाकडे नुसतं बघणंसुद्धा सोसत नाही, आणि या गृहस्थांचं तेच होतं. नागपुरात आनापान कित्येक घरांत माहीत आहे. त्यात श्वास जसा आहे तसा नाकपुड्यांपाशी पाहायचा असतो, त्यात बदल करायचा नसतो. प्राणायामात तो मुद्दाम घडवायचा असतो. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या, पण ते एकाच बैठकीत दोन्ही करत होते: पाहत होते, आणि पाहता पाहता दुरुस्तही करत होते. म्हणून सरावाची पाच मिनिटं वगळता श्वासाला पूर्ण सुट्टी दिली आणि लक्ष बाहेर नेलं, झाडाकडे.

अंबाझरीला ते जात होतेच. पण कानात इअरफोन, त्यात बातम्या, मनगटावर दहा हजार पावलांचं लक्ष्य. त्यात तळं कुठेच नव्हतं. शिवाय घरून तिथवर जाण्यातच अर्धा तास मोडायचा, मग आठवड्यातले चार दिवस जाणं राहूनच जायचं. रोजचा निसर्ग चालत दहा मिनिटांच्या आत हवा. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक जुना कडुनिंब होता, तोच ठरवला. (तळ्याकाठी सगळ्यांनाच शांत वाटतं असंही नाही. सप्टेंबर २०२३ च्या पुरात ज्यांच्या घरात अंबाझरीचं पाणी शिरलं, त्यांना ते पाणी बघून धडकी भरू शकते. त्यांना तिथे जाण्याचा आग्रह करू नये.)

झाडापाशी करायचं ते एवढंच. पहिली दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, तळव्यांवरचा भार जाणवू द्यायचा. मग पाच मिनिटं आवाज ऐकायचे, सगळ्यात लांबचा आधी, मग जवळजवळचे. मग एकच फांदी निवडून तिची पानं कशी हलतात ते बघत राहायचं, दहा मिनिटं. लक्ष उडालं तर परत त्याच फांदीवर. फोटो काढायचा नाही. पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडलं आहे की हिशेबासारख्या कामात लक्ष ताणून धरावं लागतं आणि ते थकतं. पानं, ढग, पाणी यांत ते न ताणता रमतं, तेवढ्यात थकलेलं लक्ष विसावतं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. रोजची सतरा-अठरा मिनिटं धरली तर तेवढा हिशेब जुळतो.

इथेही एक गंमत घडली. कडुनिंबावर तांबट पक्षी होता. त्याचं टुक-टुक ऐकता ऐकता ते त्या ठेक्यावर श्वास घेऊ लागले आणि पुन्हा चक्कर आली. तांबट मिनिटाला शंभराहून जास्त वेळा टुकटुकतो! पक्ष्याचा आवाज ऐकायचा, श्वास त्याला बांधायचा नाही.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्यावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अंगातलं पाणी कमी होऊन धडधड आणि चक्कर येते, आणि झटके सोसलेला माणूस तिलाच झटका समजतो. त्या दिवसांत झाडापाशी सकाळी साडेपाच ते साडेसहा, निघण्याआधी ग्लासभर पाणी. घरात कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी. नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि ‘श्वास घुसमटतोय’ हा भास पक्का होतो.

पाचव्या भेटीच्या आधी जीएसटीची २० तारीख आली आणि दुकानात झटका आलाच. इतवारीच्या त्या गल्लीत झाड नाही. ते पळाले नाहीत, खुर्चीतच बसून राहिले. आधी श्वास सोडला, मग समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर फिरणारी कबुतरं बघितली. झटका दहा-बारा मिनिटांनी ओसरला. “लगेच गेला नाही मॅडम, पण मी उठून दवाखान्यात नाही गेलो.” झटका येऊच नये म्हणून श्वास मोजत बसणं हाही भीतीचाच एक प्रकार असतो, म्हणून हे वाक्य ऐकून फार बरं वाटलं.

सहा-आठ आठवडे नियमाने करूनही झटके तेवढेच राहिले, झोप उडाली, घराबाहेर पडणं बंद झालं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर झाडापाशी थांबून राहू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. औषधं सुरू असतील तर वरचा सराव त्यांच्या बरोबरीने करता येतो. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही.

शेवटच्या भेटीत त्यांचे श्वास १५ होते. पावसाळा लागला होता, कडुनिंबाखाली चिखल आणि डास. सराव मोडण्याची हीच वेळ असते, म्हणून पावसाच्या दिवसांसाठी स्वयंपाकघराची खिडकी ठरवली. तिथून शेजारच्या अंगणातला पेरू दिसतो.