भाच्याच्या बॅगेतल्या नऊ पुड्या

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. मी सांगलीचा, भाचा पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतो. गेल्या आठवड्यात त्याच्या बॅगेत १८० ग्रॅम गांजा सापडला, झिपच्या नऊ छोट्या पिशव्यांमध्ये. तो म्हणतो मी स्वतः ओढायला आणलेला, पण रिमांडच्या कागदात 'विक्रीच्या उद्देशाने बाळगला' लिहिलंय, आणि मोबाईलमध्ये मित्राचा 'आहे का रे तुझ्याकडे' असा मेसेजपण आहे. बहीण रडून रडून अर्धी झालीय. विकत होता असं ठरलं तर दहा वर्षं आत जाणार का? स्वतःसाठी होता हे कोर्टात सिद्ध कसं करायचं?

उत्तर: दादा, आधी बहिणीला सांगा, १८० ग्रॅम गांजात दहा वर्षं नाहीत. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाचं १ किलोपर्यंतचं वजन 'अल्प प्रमाण' धरतात आणि त्याला कलम २० खाली जास्तीत जास्त १ वर्ष सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलो झाले की 'व्यावसायिक प्रमाण', तिथे १० ते २० वर्षं. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गंमत बघा. २००१ च्या आधी 'माझ्यासाठीच होता' हे आरोपीला स्वतः सिद्ध करावं लागायचं, नाही जमलं तर हेरॉईन-चरसच्या केसमध्ये किमान १० वर्षं, मग व्यसनी पोरगा आणि मोठा डीलर एकाच रांगेत. २००१ ला कायदा बदलला आणि तराजू आला. आता शिक्षेचा टप्पा वजनावर, हेतूवर नाही, म्हणजे तुमच्या भाच्याने खरोखर विकला असता तरी १८० ग्रॅमला तोच १ वर्षाचा टप्पा. पण हाच तराजू दुसरीकडे अन्याय करतो, कारण एमडीचं (मेफेड्रोन, रासायनिक ड्रग) अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅम आहे, त्यामुळे ९०० ग्रॅम गांजा विकणारा १ वर्षाच्या टप्प्यात आणि अडीच ग्रॅम एमडी एकट्यासाठी ठेवणारा १० वर्षांच्या. त्यात २०२० ला सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग केसमध्ये सांगितलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं! मला हे पटत नाही, पण आज कायदा तोच आहे.

मग नऊ पिशव्या आणि मेसेज कशाला? जामिनाच्या वेळी सरकारी वकील तेच पुढे करतील. पण बघायचं ते हे की एफआयआरमध्ये कलम २७अ, म्हणजे ड्रग्जच्या धंद्याला पैसा पुरवणं, घातलंय का, कारण ते लागलं की जामिनाला कलम ३७ च्या कडक अटी लागतात. अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२० ला जामीन देताना म्हटलं होतं की कुणाच्या सेवनासाठी पैसे खर्चणं म्हणजे २७अ मधला वित्तपुरवठा नाही. त्याच निकालात असंही आहे की या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र, त्यामुळे शिक्षा एवढीशी असली तरी जामिनाला कोर्टातच जावं लागेल, पोलीस ठाण्यातून होणार नाही.

'मी मित्रांना द्यायचो' असा काही जबाब पोलिसांनी लिहून घेतलाय का, ते विचारा. तूफान सिंग केसमध्ये, तीही २०२० चीच, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरता येत नाही. आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या, १८० ग्रॅम पिशव्यांसकट का निव्वळ ते बघा. माझ्या एका जुन्या केसमध्ये पंचांसमोर जाडजूड काड्यांसकट अख्खं झाडच काट्यावर चढवलेलं, आणि गांजा म्हणजे कायद्याने फुलोऱ्याचा भाग, काड्या नव्हेत. तुमच्या केसमध्ये त्याने टप्पा बदलणार नाही, पण पंचनामा किती काळजीने केलाय ते तिथेच कळतं.

'स्वतःसाठी' हे खरं कामाला येतं ते कलम ६४अ मध्ये. व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकला आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला थांबू शकतो, पण उपचार मधेच सोडले तर ही सूट काढून घेता येते. इथे मात्र मेसेज आड येईल, त्यावरून तो व्यसनी नाही, दुसऱ्यांना देणारा आहे असं म्हणतील, आणि सूट व्यसनी माणसाला आहे, शौक म्हणून महिन्यातून एकदा ओढणाऱ्याला नाही. म्हणून भाच्याने याआधी कुठे डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे दाखवलं असेल तर ते कागद शोधा, आणि किती वर्षं ओढतोय, कुणाला देत होता का, हे सगळं त्याला तुमच्या वकिलापुढे एकट्याला बोलू द्या. तुम्ही आणि बहीण त्यावेळी बाहेर बसा, मामासमोर कुठलं पोरगं खरं बोलतंय!