मुलीकडून जबाब पाठ करून घेऊ नका

सातारा जिल्ह्यातील एका आईने विचारले आहे: ‘माझ्या नऊ वर्षांच्या मुलीवर ओळखीच्या माणसाने अत्याचार केला. तिने मला आठ दिवसांनी सांगितले. पोलिसांना तिने सोमवार सांगितला, मॅजिस्ट्रेटसमोर बुधवार. वैद्यकीय तपासणीत जखम आढळली नाही. पुढच्या महिन्यात साक्ष आहे. नातेवाईक म्हणतात, जबाब पाठ करून घ्या. कोर्ट तिच्यावर विश्वास ठेवील का?’

ताई, वय लहान म्हणून मुलीची साक्ष बाद होत नाही. कायद्याने साक्षीदाराचे किमान वय ठरवलेले नाही. प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर तिला देता येते की नाही, एवढे न्यायाधीश सुरुवातीला नाव, शाळा, इयत्ता, खरे-खोटे यांविषयीच्या साध्या प्रश्नांतून पाहतात. साक्ष विश्वासार्ह वाटली तर केवळ तिच्या आधारे शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९७ च्या निकालात सांगितले आहे. मात्र त्याच निकालात मूल पढवलेले असण्याची शक्यता नसावी, अशी अपेक्षाही आहे, आणि म्हणूनच नातेवाइकांचा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो.

बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत बहुधा ‘आईने काय सांगायला सांगितले?’ असे विचारतील. पाठ केलेले मूल एक शब्द विसरले की गोंधळते, किंवा नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी न शोभणारे मोठ्यांचे शब्द बोलून जाते, आणि मग खरी घटनाही बनावट वाटू लागते. सोमवार-बुधवारची विसंगती तशीच राहू द्या. तपशिलातील किरकोळ फरकांमुळे मूळ हकिकत अविश्वसनीय ठरत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची तक्रार उशिरा होण्यामागे कुटुंबाची भीती व लाज असू शकते, हे गुरमित सिंग प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. कोणी, कुठे, काय केले, या गाभ्यावर ती ठाम आहे का, याला महत्त्व आहे. जखम नसणे हेही अत्याचार झाला नसल्याचा पुरावा नव्हे.

तुमची स्वतःची साक्षही मोलाची आहे. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या १९५२ च्या निकालात आठ वर्षांच्या मुलीने सुमारे चार तासांनी आईला सांगितलेली हकिकत न्यायालयाने पुष्टी म्हणून ग्राह्य धरली होती. तुमच्याकडे अंतर आठ दिवसांचे आहे, त्यामुळे त्यावर वाद होईल. तरी ते लपवू नका. ती आधी गप्प का होती, कोणत्या प्रसंगी बोलली, नेमके कोणते शब्द वापरले, हे आठवते तसेच सांगा.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ३३ नुसार वकिलांना मुलीला थेट प्रश्न विचारता येत नाहीत. ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि आक्रमक किंवा चारित्र्यहनन करणाऱ्या प्रश्नांना मनाई आहे. सुनावणी बंद दालनात होते आणि साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये, याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. तिच्या विश्वासाची व्यक्ती सोबत बसू शकते, पण तुम्हीही साक्षीदार असल्याने आधी कोणाची साक्ष घ्यायची आणि तिच्याजवळ मावशी बसेल की आजी, हे सरकारी वकिलांशी आताच बोलून घ्या. बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्ती, म्हणजे खटल्यात मुलीला साथ देणारी व्यक्ती, मागा. तिच्या मदतीने मुलीला आधी न्यायालयाची खोली दाखवता येईल. घरी एवढेच सांगा, ‘जे आठवते ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार.’