पुढच्या ब्रेकची भीती आणि नवशिक्या दुचाकीचालकांच्या इतर शंका

प्रश्न : पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मोटारसायकल गचका देऊन बंद पडते. रेस वाढवली तर ती पुढे उसळते. काय चुकते आहे?

उत्तर : क्लचची लिव्हर सावकाश सोडत आणली की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. तिथे बोटे क्षणभर थांबवावीत आणि चाक फिरू लागल्यावरच उरलेली लिव्हर सोडावी. मोकळ्या, सपाट जागेत हे ठिकाण बोटांना न बघता सापडेपर्यंत रहदारीत जाऊ नये.

प्रश्न : मला गाडी शिकवणारे काका बजावतात, ‘पुढचा ब्रेक लावायचाच नाही, गाडी उलटते.’ हे बरोबर आहे का?

उत्तर : काकांचा हेतू चांगला असला तरी सल्ला घातक आहे. ब्रेक लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे त्या टायरची पकड वाढते आणि मागचे चाक हलके होते. म्हणूनच केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याची गाडी लवकर थांबत नाही, शिवाय एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर मागचे चाक जाम होऊन घसरू लागते. पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. दोन्ही ब्रेक एकत्र लावताना पुढची लिव्हर आधी हलकेच दाबावी, पुढचे शॉकअप दबल्याचे जाणवले की जोर वाढवावा, आणि या वेळी गाडी सरळ असावी.

या भीतीचे मूळ बहुधा वेगळ्याच प्रसंगात असते. पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी कलते. माझ्या पाहण्यातले बरेच नवशिके असेच पडले आहेत. तेवढ्या मंद वेगात मात्र मागचा ब्रेकच वापरावा.

वेगाचा हिशेबही ध्यानात ठेवावा : ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेककडे हात जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते.

प्रश्न : वळणावर माझी गाडी कडेच्या दगडाकडेच ओढली जाते.

उत्तर : कारण आपण दगडाकडे बघता! नजर जिथे खिळते तिथे हात गाडी नेतात. वेग वळणाआधीच कमी करावा, मान वळवून वळण जिथे संपते तिथे पाहावे आणि वळणात रेस एकसारखी ठेवावी.

प्रश्न : अपघातात आपटलेल्या हेल्मेटला तडा गेलेला नाही. ते वापरावे का?

उत्तर : वापरू नये. आतला फोमचा थर स्वतः चेपून आघात शोषतो आणि एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही; हे बाहेरून दिसत नाही. नवे हेल्मेट घेताना पट्टा बांधून ते मागून वर ओढून पाहावे. डोक्यावरून निघून आले, तर ते माप आपले नाही.