मुंबईच्या धुरात राहणाऱ्यांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी माणसाने केवळ प्रदूषणाच्या भीतीने या गोळ्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अँटिऑक्सिडंट म्हणजे शरीरातील फ्री रॅडिकलना निष्प्रभ करणारे पदार्थ, आणि फ्री रॅडिकल म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू. तो पेशीतील मेद, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करू शकतो, आणि वाहनांचा धूर व तंबाखू यांमुळे अशा रेणूंचे प्रमाण वाढते, हे खरेच आहे. परंतु हेच रेणू श्वसनक्रियेत पेशी स्वतःही तयार करतात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा उपयोग जंतू मारण्यासाठी करतात, त्यामुळे त्यांचा समूळ नाश करणे हे उद्दिष्टच चुकीचे ठरते.

फिनलंडमध्ये सुमारे 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 1994) रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे 18 टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर ही गोळी कटाक्षाने टाळावी. दृष्टिपटलाच्या वार्धक्यजन्य विकारासारख्या मोजक्या आजारांत डॉक्टर अशी पूरके देतात, तो भाग वेगळा.

दादरच्या मंडईत सहज मिळणारे आवळे, पेरू आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात असू द्याव्यात. कर्करोगावर उपचार चालू असतील, तर कोणतेही पूरक घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.