नारळाला गुंडाळलेला टॉवेल

वाचकांचे प्रश्न, कराटेवाल्या ताईंची उत्तरं

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तीन वर्षं नाशिकच्या इंदिरानगरला कराटे क्लासला जाते. पुढच्या महिन्यात हेल्मेट घालून फुल कॉन्टॅक्टची, म्हणजे पूर्ण जोराने मारायची स्पर्धा आहे, नाव द्या, असं सरांनी सांगितलंय. किटला साडेसहा हजार लागतील. तिचे बाबा म्हणतात, हेल्मेट आहे ना, मग काय होतंय? माझ्या जिवाला मात्र घोर लागलाय. हो म्हणू की नाही?
— एक आई, सातपूर

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि उठून स्वयंपाकघरातून एक नारळ आणला. तुम्हीही आणा. त्याला जाड टॉवेल गुंडाळा आणि टेबलावर आपटा. फुटणार नाही. आता तोच नारळ टॉवेलसकट कानाशी धरून जोरात हलवा. आतलं पाणी डचमळतंय, ऐकू येतंय ना? टॉवेलने करवंटी वाचली, पाण्याला त्याचा काही उपयोग नाही. मुलीच्या बाबांना हा प्रयोग जरूर दाखवा.

हेल्मेटमुळे भुवई फाटत नाही, नाक मोडत नाही, कान वाचतो. हे फायदे खरे आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण मेंदू कवटीत पाण्यावर तरंगतो. हनुवटीवर आडवी लाथ बसली की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदू त्याच्या मागोमाग पिळवटतो. ते फिरणं फोमने थांबत नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये २०१३ पासून पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकलं, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले. त्या निर्णयावर वाद झाले, अजूनही होतात. पण हेडगार्ड म्हणजे मेंदूचं चिलखत, हा समज त्यानंतर कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

मी हे पुस्तक वाचून सांगत नाहीये. १९९८ साली मी बावीस वर्षांची होते. दुसऱ्या जिल्ह्यात स्पर्धा होती. गाव सांगत नाही, आयोजकही नाही. हेडगार्ड तिथलंच, सगळ्यांना मिळून चार. माझ्या वाट्याला आलेलं मोठं होतं आणि पट्टा तुटलेला, म्हणून बुटाच्या लेसने बांधलं. समोरच्या मुलीची मावाशी, म्हणजे आडवी फिरवलेली लाथ, कानशिलावर बसली. पंचांनी विचारलं, "ठीक?" मी मान हलवली. त्यानंतर मी आणखी एक फाईट खेळले आणि जिंकले. सर्टिफिकेट घरात आहे. ती फाईट मला आठवत नाही. एकही क्षण नाही. रात्री दहाला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर उतरले आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना. त्या भल्या माणसाने माझ्या बसच्या पासवरचा पत्ता वाचून मला घरी सोडलं. पुढचे तीन आठवडे ट्यूबलाइट सहन होत नव्हती आणि दुधाचा हिशोब चुकत होता. तिथे डॉक्टर होते का, हे मला कधीच कळलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून किट चांगलं आहे का, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न सरांना असा विचारा: माझी मुलगी "मी ठीक आहे" म्हणत असताना फाईट कोण थांबवणार, आणि त्या माणसाचं तिथे कुणी ऐकणार का? रिंगजवळ डॉक्टर बसणार की दुपारी चक्कर टाकून जाणार? वजन स्पर्धेच्या दिवशी काट्यावर होणार की फॉर्मवर लिहिलेलं धरणार? चौदाव्या वर्षी सहा महिन्यांच्या फरकानेसुद्धा वजनात बरंच अंतर पडू शकतं. मुलांच्या गटात डोक्यावर हाताने मारायला परवानगी आहे का? दिवसभरात किती फाईट? सर या प्रश्नांनी चिडले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. स्पर्धा वर्षातून दोन-तीन, क्लास मात्र आठवड्यातून तीन दिवस. डोक्याला जास्त मार सरावातच बसतो. एका शनिवारी न सांगता क्लासच्या दारात जाऊन उभ्या राहा. मुलं एकमेकांना स्पर्धेइतक्या जोराने मारताना दिसली तर माझ्या मते त्या क्लासमध्ये तिला ठेवू नका, मग स्पर्धा असो वा नसो.

माझं मत विचाराल तर यंदा छाती-पोटापुरत्या कॉन्टॅक्टच्या, चेस्ट गार्डच्या स्पर्धेला पाठवा. डोक्यावर मार चालणारा प्रकार अजून दोन वर्षांनी बघू. तिला वाईट वाटेल, रागावेल. रागावू द्या.

किटमध्ये पैसे वाचवायचेच असतील तर माउथगार्डवर वाचवू नका. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं मिळतं ते चालतं, पण तिला तारा लावलेल्या असतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या. हेडगार्ड दुकानात घालून मान जोरात हलवायला सांगा. डोळ्यांवर घसरलं तर ते परत ठेवा. भावाचं जुनं, मैत्रिणीचं उसनं, असं नको.

कधीही मार बसल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, बोलणं सावकाश झालं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तर त्या दिवशीचा खेळ संपला. बेशुद्ध पडलीच पाहिजे असं काही नाही. डॉक्टरांना दाखवायचं, आधी शाळा नीट सुरू होऊ द्यायची, मग हळूहळू सराव, आणि फाईट सगळ्यात शेवटी. उलट्या थांबत नसतील, झटके आले, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, डोकेदुखी वाढतच गेली, तर थेट हॉस्पिटल. सकाळची वाट बघू नका.

मी लाल मातीत वाढलेला माणूस. लंगोट लावून उतरायचो, कान मोडले तरी हूं की चूं नाही. माझा नातू डोक्यावर काचेचं हेल्मेट, नडगीला उशा, छातीला पत्रा लावून कराटे खेळतो. ही कसली मर्दुमकी?
— एक आजोबा, पंचवटी

आजोबा, नमस्कार. तुमच्या मोडलेल्या कानांना आधी दंडवत. पण तुम्ही कुस्तीत बुक्की मारत होतात का? नाही ना. नियमात बुक्की नव्हती म्हणून डोक्याला उशी लागली नाही. सगळी गंमत तिथेच आहे. साधनं आणि नियम ही जावा-जावांसारखी, एकीने हात आखडला की दुसरीला पदर खोचावा लागतो.

गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन आले. समोरासमोर मोकळी लढत त्यांना पसंत नव्हती. कॉलेजची पोरं ऐकतात होय! त्याच दशकाच्या अखेरीस टोकियोतल्या विद्यार्थ्यांनी केंडोचं, म्हणजे तिकडच्या तलवारबाजीचं चिलखत चढवून एकमेकांना खरोखर मारून बघितलं. म्हातारबुवा नाराज झाले. १९३२ मध्ये मुनेओमी सावायामांनी ओसाकाकडे निप्पॉन केम्पो सुरू केलं, त्यात तर लोखंडी जाळीचा मुखवटा घालून लढणं हाच पाया. म्हणजे तुमच्या नातवाचं हेल्मेट आजकालच्या लाडावलेल्या पिढीने काढलेलं खूळ नाही. वयाने ते तुमच्याच बरोबरीचं असेल.

उलट बाजूला मासुतात्सु ओयामा. त्यांच्या क्योकुशिन या कराटे-घराण्याच्या १९६९च्या पहिल्या खुल्या स्पर्धेत ना हातमोजा, ना हेल्मेट. तुमच्यासारखंच. पण मग तोंडावर बुक्की मारायला बंदी! लाथ डोक्यावर चालते, हात नाही. त्यामुळे क्योकुशिनवाले छातीला छाती भिडवून नुसते बरगड्यांवर बुक्क्या हाणत असतात, तोंडासमोर हात नाहीच. बघणाऱ्याला शौर्य दिसतं, आणि ते असतंही. पण रस्त्यावर पहिला ठोसा तोंडावरच येतो.

हे खटकलं ते त्यांच्याच चॅम्पियनला. ताकाशी आझुमा १९७७ साली क्योकुशिनची अखिल जपान स्पर्धा जिंकले आणि १९८१ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात स्वतःचं वेगळं घराणं काढून मोकळे झाले. तेच पुढे कूडो झालं. अक्षय कुमारच्या नावाच्या स्पर्धेमुळे आपल्याकडे हे नाव पोचलंय. नातवाचं ते काचेचं हेल्मेट, खरं तर पारदर्शक प्लास्टिकचं, त्याच घराण्यातलं असावं. ते आहे म्हणून तोंडावर बुक्की चालते, मोठ्यांच्या गटात कोपर आणि डोक्याची धडकही. वर उचलून आपटायचं, थोडा वेळ जमिनीवर झटायचं. तुम्हाला आवडेल हो, आजोबा. गट वजनावर नसतात, उंचीचे सेंटिमीटर आणि वजनाचे किलो यांची बेरीज करून पाडतात. १७० सेंटिमीटर, ७० किलो म्हणजे २४०.

तेव्हा हेल्मेट घातल्याने मार कमी होत नाही, वाढतो. एकदा घालून उभे राहा. दोन मिनिटांत श्वासाने प्लास्टिकवर धुकं धरतं, बाजूचं दिसत नाही, स्वतःच्याच धापा कानात घुमतात. मग सांगा मर्दुमकी कशात आहे ते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेच्या फायनलला ज्याने समोरच्याला आडवं केलं तोच हरला. हा काय न्याय?
— एक विद्यार्थी, नाशिकरोड

मित्रा, सौदीचा तारेग हामेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेहला अशी बसली की तो स्ट्रेचरवरून गेला. अति-जोराबद्दल हामेदी बाद, सुवर्ण गंजझादेहला. ७ ऑगस्ट २०२१. तो खेळ नियंत्रित स्पर्शाचा. लाथ तिथपर्यंत पोचवायची आणि आवरायची. फुल कॉन्टॅक्टमध्ये त्याच लाथेला इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण मिळाला असता, टाळ्याही. दोघांनाही आपण कराटेच म्हणतो, गोंधळ त्यातून होतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सीमारेषा ओलांडल्यावर षटकार की झेल, हे मैदानात उतरायच्या आधी ठरलेलं असतं. मला स्वतःला हामेदीचं वाईट वाटलं. नियम मात्र बरोबर होता.

तू पुढे विचारलंयस की फुल कॉन्टॅक्टच्या "राष्ट्रीय" सर्टिफिकेटवर नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण मिळतं का. सर्टिफिकेटवर राष्ट्रीय छापायला फक्त प्रेस लागते. फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन ती स्पर्धा मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते विचार. फोनवर नको, जाऊन विचार.

पावसाळ्यात किटचा इतका वास येतो की आई बॅग घरात घेऊ देत नाही. वॉशिंग मशीनला लावू का?
— सिडको

नको! फोम फाटतो, पाणी शोषतो आणि मग आठवडाभर वाळत नाही. ओल्या फडक्याला थोडा सौम्य साबण लावून आतून पूस, पुन्हा साध्या पाण्याच्या फडक्याने पूस, आणि पंख्याखाली उलटं ठेव. जुलैत गंगापूर धरण भरत असतं तेव्हा आपल्याकडे काहीच वाळत नाही, म्हणून हेडगार्डच्या आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. कडक उन्हात ठेवू नकोस, प्लास्टिकला बारीक तडे जातात. क्लासवरून आल्या आल्या चेन उघडी टाक, बंद बॅगेत रात्रभर ठेवलंस तर आईचं बरोबर आहे. नडगीवर लाल चट्टे आले असतील तर कातडीच्या डॉक्टरला दाखव आणि बरं होईपर्यंत कुणाला तुझे गार्ड देऊ नकोस.

माझी बॅग बाल्कनीत असते. घरच्यांनी मला तिच्याशेजारी झोपायला सांगितलेलं नाही, एवढंच.