नर्सिंगचं ‘खूळ’ आणि साडेपाच लाखांचं डिझाइन थिंकिंग

प्रश्न : मॅडम, मुलगी बारावी सायन्स, पीसीबी, 74 टक्के. नीटमध्ये जमलं नाही. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका हॉटेलात सेमिनार झाला. पुढचा काळ डिझाइन थिंकिंगचा आहे, असं तिथे सांगितलं. तीन वर्षांचा बीबीए कोर्स, फी साडेपाच लाख, 10 तारखेआधी भरली तर सूट. मुलीने मात्र नर्सिंगचं खूळ घेतलंय. दिवाळीत माझी आई सोलापूरला अकरा दिवस ॲडमिट होती, तिच्याजवळ हीच राहिली, तेव्हापासून. दर पाळीला नवीन सिस्टर येऊन सगळं पहिल्यापासून विचारते म्हणून हिने तिथे एक वही पलंगाला बांधून ठेवली होती! आमच्या घरात असलं काम कोणी केलेलं नाही. पुढे लग्नाचंही बघावं लागतं. डिझाइन थिंकिंगचं महत्त्व तुम्हीच तिला पटवून द्यावं. – एक पालक, बार्शी

उत्तर : साडेपाच लाख भरू नका. सूट बुडाली तर बुडू द्या. तारखेचा धाक घालून विकलेल्या कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

पण तुमच्या पत्रात फीपेक्षा मला ‘असलं काम’ हे दोन शब्द जास्त लागले. त्या अकरा दिवसांत तुमच्या आईंची कूस कोणी बदलली? रात्री दोनला सलाइन संपल्यावर कोण धावत आलं? कोणाची तरी मुलगीच होती ना ती? तिने केलेलं चालतं, आपल्या मुलीने केलेलं चालत नाही! आणि लग्नाचं म्हणाल, तर अजून ज्यांचा पत्ता नाही त्या सासरच्यांना काय आवडेल यावर आज मुलीचा प्रवेश ठरवताय. पत्र इथे थोडक्यात छापलं आहे, मूळ पत्र चार पानांचं आहे. त्या चार पानांत सेमिनारमधल्या वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवली आहेत. मुलीचं एकही नाही. तिला नर्सिंग का करायचंय, हे तुम्ही विचारलंत का, तेही मला कळलेलं नाही.

आता तो मोठा गैरसमज. डिझाइन थिंकिंग हा व्यवसाय नाही, ती काम करण्याची एक रीत आहे. ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ जाऊन बसायचं, खरी अडचण कोणती ते नेमकं मांडायचं, चार-सहा तोडगे काढायचे, त्यातल्या एखाद्याचा कच्चा नमुना बनवून त्याच माणसाच्या हातात द्यायचा आणि चुकलं तर पुन्हा मागे यायचं. आयडिओ या अमेरिकन डिझाइन कंपनीने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने ही रीत जगभर नेली. पुढे आयबीएम, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी ती आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना शिकवली. ‘आपल्या कर्मचाऱ्यांना’ हे नीट वाचा. आधी कोडिंग, हिशेब, यंत्रं असं काहीतरी येत असलेल्या लोकांना. शाळेतही ही रीत शिकवावी, आनंदच आहे. पण नुसती रीत शिकलेल्या एकविसाव्या वर्षाच्या पदवीधराला कोण कशासाठी घेणार? खुद्द आयडिओने 2023 मध्ये सुमारे एक तृतीयांश माणसं कमी केली. सेमिनारमध्ये हे सांगितलं नसावं.

डिझाइनची रीतसर पदवी वेगळी. तिच्यासाठी यूसीड, एनआयडीची डॅट, निफ्ट या परीक्षा आहेत. पण मुलीने त्यातलं काहीच मागितलेलं नाही, म्हणून तिकडे जात नाही.

त्या वहीकडे मात्र परत येते. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत. अमेरिकेतल्या कैसर परमनंटे या मोठ्या रुग्णालय-समूहाने नेमक्या याच अडचणीसाठी आयडिओला सोबत घेतलं होतं. पाळी बदलली की नर्सेसची पहिली 45 मिनिटं त्यांच्या टेबलापाशी आधीच्या पाळीकडून माहिती घेण्यात जात. तरीही रुग्णाला जे महत्त्वाचं वाटे तेच बऱ्याचदा सांगायचं राहून जाई. मग ठरलं, की माहितीची देवाणघेवाण रुग्णाच्या पलंगापाशी, त्याच्या देखत करायची. नव्या पाळीतली नर्स पहिल्या रुग्णापर्यंत पोचायला लागणारा वेळ निम्म्याहूनही कमी झाला. डिझाइन थिंकिंगवरच्या व्याख्यानांत हे उदाहरण हमखास येतं. त्या गटात डिझायनर होते, कामगार संघटनेचा प्रतिनिधी होता आणि पूर्वी नर्स असलेली एक व्यक्तीही होती. एका वहीवरून तुमची मुलगी डिझायनर ठरत नाही, हेही सांगते. पण तिला अडचण दिसली आणि ती कुरकुरत बसली नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच राज्यातली. स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी ‘एम्ब्रेस’ नावाची स्वस्त झोळी बनवली. तिचा नमुना दाखवायला ते महाराष्ट्रातल्या एका छोट्या शहरात आले होते. झोळीचं तापमान 37 अंश ठेवायला सांगितलं तर काय कराल, असं त्यांनी एका आईला विचारलं. ती म्हणाली, ही इंग्रजी औषधं फार कडक असतात, डॉक्टरांनी एक चमचा सांगितला तर आम्ही अर्धाच देतो, तेव्हा मी 30 वरच ठेवीन. अंगावर काटा येतो! मग त्यांनी आकडे काढून टाकले आणि ‘ठीक आहे’ किंवा ‘ठीक नाही’ एवढंच दाखवणारी खूण ठेवली. हे कळायला त्यांना कॅलिफोर्नियाहून इथवर यावं लागलं. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला अर्ध्या चमच्याची गोष्ट पहिल्या वर्षातच कळते.

नर्सिंग सोपं आहे असं मी म्हणणार नाही. रात्रपाळ्या चुकत नाहीत, एकेकीवर नको तितके रुग्ण असतात, लहान खासगी रुग्णालयांतला सुरुवातीचा पगार बघून तर तुम्हाला मलाच शिव्या द्याव्याशा वाटतील. ही काळजी तुम्ही पत्रात केली असतीत तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. म्हणून कॉलेज बघून घ्या. ज्याच्याशी मोठं, भरलेलं रुग्णालय जोडलेलं आहे तेच घ्या. चकचकीत इमारत आणि रिकामे पलंग असतील तर नको. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, प्रवेशासाठी राज्याची सीईटी आहे. पुढे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी नॉरसेट ही परीक्षा देता येते.

आणि चार-पाच वर्षं वॉर्डात काढल्यावर तिला खरंच डिझाइनकडे वळावंसं वाटलं, तर दार बंद होत नाही. एम.डेस. म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठीची सीड परीक्षा बारावीनंतर किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, वयाची अट नाही. आयआयटी मुंबईत 2014 पासून ‘बेटिक’ हे केंद्र आहे. तिथे डॉक्टर, इंजिनिअर आणि डिझायनर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात. वॉर्ड आतून पाहिलेलं माणूस अशा ठिकाणी नको होईल असं मला वाटत नाही.

तिला काही पटवून द्यायला मी तयार नाही. पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, मी तिलाच उत्तर देईन. शक्य असेल तर त्या वहीच्या दोन-तीन पानांचे फोटो सोबत पाठवायला सांगा. आणि आता आजींची तब्येत कशी आहे, तेही कळवा. चार पानांत ते लिहायचं राहूनच गेलंय.